भिंगातली फुली

आमच्या घरात रात्री चालायचं नाही. खुर्ची सरकवायची नाही, वॉशिंग मशीन लावायचं नाही, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. का? तर आमचे हे मागच्या अंगणात आकाशातल्या एका दीर्घिकेचा फोटो काढत बसलेले असतात!

मोठ्या दुर्बिणीला लावलेला कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवायचा. आकाश सरकतं, तशी मोटर दुर्बिणीलाही सरकवते, पण ती मेली मधूनच अडखळते. म्हणून शेजारच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून बसायचं. तिच्या भिंगात लाल रेघांची फुली असते. एक तारा त्या फुलीवर धरून ठेवायचा, हलला की बटण दाबून जागेवर आणायचा. लोक हे काम कॉम्प्युटरवर सोडतात. ह्यांना मात्र हातानंच करायचं. हौसेला मोल नाही म्हणतात, म्हणून मीही कधी बोलले नाही.

पण हिवाळ्यापासून एक फोटो धड येईना. फोटोत ठिपक्यांऐवजी सगळ्या ताऱ्यांच्या अळ्या! आणि खापर कुणावर? माझ्या पावलांवर. शेजाऱ्यांच्या फाटकावर. मग भिंगावर. "फुलीची रेघच वाकडी आहे," म्हणून ते परत केलं. दुकानदारानं मुकाट्यानं दुसरं दिलं. त्याचीही रेघ वाकडी! हे दुकानात जाऊन त्या बिचाऱ्याला चोर म्हणून आले.

काल रात्री मी पाणी प्यायला उठले, तर अंगणातून आवाज आला, "अगं, हत्तीसारखी काय चालतेस!"

माझं डोकंच फिरलं. तरातरा बाहेर गेले.

"नाचता येईना अंगण वाकडं! उठा. मी बघते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"उठा म्हणते ना!"

उठले. मी डोळा लावला. फुली सरळ होती, पट्टीनं आखल्यासारखी. तारा मात्र पार कडेला गेला होता.

"रेघा सरळ आहेत की हो."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. तुम्ही कुठल्या डोळ्यानं बघता?"

"उजव्या."

"मग आता डाव्यानं बघा."

हे जागचे हलले नाहीत. एरवी शब्द खाली पडू न देणारा माणूस बटणाची वायर गुंडाळायला लागला.

"बघितलंय ना डाव्यानं? कधी?"

"दुसरं भिंग आलं, त्या रात्री. रेघ सरळ दिसली, पण डाव्यानं तारा धरून ठेवायला जमेना."

"म्हणजे दुकानात भांडायला गेलात तेव्हा माहीत होतं?"

"अगं, यावर डॉक्टर डोळ्यात सुया टोचतात, मग कितीतरी दिवस दुर्बीण बंद. उन्हाळा लागला की ही दीर्घिका मावळतीला जाते. म्हटलं, एवढी एक होऊ दे."

एवढी एक! त्यानंतर मी जे बोलले ते सांगण्यासारखं नाही. शेजाऱ्यांचे दिवे लागले. लागेनात का!

आज सकाळी ह्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी थेंब घातले, यंत्रातून आत पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फार उशीर केलात. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. रेघ वाकडी दिसली तेव्हाच आला असतात, तर पुष्कळसा वाचला असता. आता आहे तेवढा टिकवायचा."

मग ह्यांचा डावा डोळा झाकून त्या म्हणाल्या, "समोर बायकोच्या चेहऱ्याकडे बघा. काय दिसतं?"

हे बघत राहिले. मान तिरकी केली, परत सरळ केली.

"केस दिसतात. कानातलं दिसतंय."

"आणि चेहरा?"

"तिथं नुसता करडा डाग आहे."

मला भयंकर राग आला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वेगळंच.

तीस वर्षांच्या संसारात माझी भुवई जरा वर गेली तरी ह्यांना कळायचं. आज ह्यांनी समोर बसून, डावा डोळा झाकलेलाच, चाचपडत विचारलं, "चिडलीयेस का गं?"