बिनतेलाचा छर्रा

मी एक छर्रा बोलतोय. दचकू नका, बंदुकीतला नव्हे. त्याला आयुष्यात एकदाच धावायचं असतं, तेही सरळ. मी बेअरिंगमधला. माझा सगळा जन्म गोल गोल धावण्यात गेला आणि जिथून निघालो तिथेच मी पोचत राहिलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे ओळखीचं वाटेल.

स्टीलच्या तारेच्या एका तुकड्यातून मी जन्मलो. हरभऱ्यापेक्षा जरा मोठा. आधी ठोकून गोल केलं, मग दिवसचे दिवस चाकांमध्ये घासलं, तेव्हा कुठे आरशासारखा चकचकीत झालो. गंमत पाहा, तरुणपणी घासला तर म्हणतात 'काय सुंदर झालाय', आणि पुढे कामावर घासला गेला की म्हणतात 'खराब झाला'.

आमचं कुटुंब एकत्र होतं. आत एक कडं, बाहेर एक कडं, मध्ये आम्ही आठ भाऊ. आम्हाला एकमेकांच्या उरावर बसू न देणारी टेफ्लॉनची एक जाळी होती. तिला आम्ही वहिनी म्हणायचो.

आमची नेमणूक झाली ती द्रवरूप ऑक्सिजनच्या पंपात. तिथली थंडी शून्याखाली एकशे त्र्याऐंशी अंश. तुम्ही जिला थंडी म्हणता आणि जिच्यात दोन स्वेटर घालून कुरकुरता, ती आमच्याकडे भट्टी समजली जाईल. बाकीच्या बेअरिंगांना तेल मिळतं, ग्रीस मिळतं, लाड होतात. आमच्या थंडीत तेलाचा दगड होतो. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक, पण ऑक्सिजनमध्ये तेलाचा नुसता पुसट डाग असला आणि कुठे जराशी ठिणगी पडली, तर पंप, खोली आणि खोलीतली माणसं एकदमच जातात.

मग आम्ही धावायचो कशावर? वहिनीवर. ती आमच्या अंगाला घासायची आणि जाता जाता आपला एक पातळसा थर आमच्यावर ठेवायची. तो निघून गेला की पुन्हा द्यायची. ती झिजायची, आणि 'छर्रे काय सुरेख फिरतात' असं कौतुक आमचं व्हायचं. माणसं म्हणतात, चंदनासारखं झिजावं. चंदनाचा निदान वास तरी येतो हो. वहिनीचा भुगासुद्धा कुणाच्या नजरेला पडला नाही.

आमच्यावर देखरेख होती मामांची. मामा म्हणजे प्लँटमधले सगळ्यांत जुने फिटर. कुणाचे सख्खे मामा होते ते ठाऊक नाही, पण साहेबापासून टँकरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पंपाच्या खोलीच्या दारात त्यांनी पत्र्याचा एक डबा ठेवला होता. आत जाणाऱ्याने खिसे त्या डब्यात रिकामे करायचे. कंगवा, रुमाल, मलमाची डबी, काही म्हणजे काही आत न्यायचं नाही. शिवाय मामा प्रत्येकाच्या डोक्याचा वास घ्यायचे. एकदा खुद्द साहेबांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं.

"साहेब, केसांना तेल लावलंय. आधी डोकं धुऊन या."

"अहो मामा, मी मॅनेजर आहे इथला!"

"स्फोट हुद्दा विचारत नाही, साहेब."

साहेब मुकाट्याने डोकं धुऊन आले. मामांचा दरारा असा होता. त्यांचे स्वतःचे खिसे मात्र कधी कुणी तपासले नाहीत. कोण तपासणार?

त्या दिवशी पंप सहामाही तपासणीसाठी खोलला होता. आम्हाला धुऊन, सुकवून, पिशवीत बंद करून ठेवलेलं. नव्या इंजिनिअर मॅडम बाहेर वाट पाहत होत्या, कारण पंप चालू झाला की टँकर भरायचा आणि तो थेट हॉस्पिटलला जायचा होता. तिथे संध्याकाळपर्यंत पुरेल एवढाच ऑक्सिजन उरला होता.

मामांना सकाळपासून सर्दी झाली होती. त्यांनी आम्हाला कानाशी धरून बोटाने फिरवलं, खूश होऊन मान डोलावली आणि त्याच क्षणी त्यांना शिंक आली. एक थेंब नेमका माझ्यावर उडाला. मामांचा हात आपोआप खिशात गेला. पांढऱ्या फडक्याने त्यांनी मला टिपलं आणि आम्हाला पंपात बसवून टाकलं.

मला लगेच कळलं. ते फडकं प्लँटमधलं नव्हतं. त्याला शिवणयंत्राचं तेल लागलं होतं. एरवी मामांनी ते दहा हातांवरून हुंगलं असतं, पण त्या दिवशी जगातलं सगळ्यांत तिखट नाक चोंदलं होतं. मी ओरडलो. माझ्या ओरडण्याला तुम्ही शांतता म्हणता.

पंप हळूहळू गार व्हायला लागला. बाहेरचं बोलणं मला लोखंडातून स्पष्ट ऐकू येत होतं. मामांनी त्याच फडक्यात नाक शिंकरलं. तेव्हाच त्याच्या कोपऱ्यावरची निळी फुलं त्यांना दिसली असणार. मामी घरी कपडे शिवायच्या. कामावर येण्याआधी मामांनी त्यांच्या यंत्राला तेल घातलं होतं आणि हात पुसून ते फडकं नकळत खिशात टाकलं होतं.

"मामा, गार झाला. करू चालू?" मॅडमनी विचारलं.

साहेबही तिथेच होते. "करा, करा. हॉस्पिटलचा तिसरा फोन आलाय."

मामांना सुटायला मोकळी वाट होती. 'मघाशी बेअरिंगचा आवाज बरोबर वाटला नाही, एकदा खोलू या' एवढं म्हणाले असते तरी त्यांच्या कानावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. पंप वाचला असता, माणसं वाचली असती, वर वाहवाही झाली असती. तोंडावर आले होते ते शब्द.

"आवाज..." ते म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "नाही. बटणावरचा हात काढा, मॅडम. बेअरिंगला तेल लागलंय."

"कुणी लावलं?" साहेब किंचाळलेच.

"मी."

मी गारठून दगड झालो होतो, तरी त्या एका शब्दाने मला भरून आलं.

पंप पुन्हा खोलला. मॅडमनी जांभळा दिवा माझ्यावर धरला. त्या दिव्यात तेल चमकतं. आठ भावांत मी एकटा निळसर चमकलो. आयुष्यात काय उजेड पाडला म्हणाल, तर तो एवढाच. घाईघाईने नवीन बेअरिंग बसवलं आणि टँकर उन्हं कलायच्या आत हॉस्पिटलला पोचला.

आमचं कुटुंब मात्र बाद झालं. डाग एकाला लागला तरी घर मोडायचं, असा नियम. वहिनीला मोजलं तेव्हा तिची निम्म्याहून जास्त जाडी शिल्लक होती. अजून कितीतरी वर्षं ती आम्हाला देत राहिली असती. भंगाराच्या पेटीत जाताना ती मला एका शब्दाने बोलली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मामा दारापाशी आले, आपले खिसे डब्यात रिकामे केले आणि मॅडमसमोर डोकं वाकवून उभे राहिले. "घ्या वास," म्हणाले. मॅडम लाजल्या, पण त्यांनी घेतला. साहेबांनी 'खिसे सर्वांचे तपासावेत' अशी पाटी लावली आणि खाली स्वतःची सही केली, जणू कल्पना त्यांचीच.

मामांनी साहेबांना विचारून मला एकट्याला घरी आणलं. आता मी मामींच्या बटणांच्या डब्यात असतो. मामी रोज त्यांना उंबरठ्यावर थांबवून खिसे उलटे करायला लावतात. "जगाचे खिसे तपासत होतात ना, आता दाखवा!" मामा निमूटपणे दाखवतात.

माझं एवढंच मागणं आहे, की तुमच्याकडेही दारात उभा राहून सगळ्यांना तपासणारा कुणी असेल, तर त्याला कधीतरी कुणीतरी प्रेमाने तपासा. आणि तुमच्या घरात वहिनीसारखं कुणी असेल, तर तिची जाडी वेळेत मोजा.

परवा मामी यंत्राला तेल घालत होत्या. डबा उघडाच होता, एक थेंब माझ्यावर पडला. मामा खुर्चीतून ताडकन उठले.

"अगं पूस, पूस लवकर!"

मामींनी फडकं उचललं. तेवढ्यात मामा स्वतःच थांबले आणि खाली बसले.

"राहू दे," ते म्हणाले. "त्याला आता चालतं."

जन्मभर ज्याला भ्यायलो, ते तेल उबदार होतं. फक्त, आता मला कुठे धावायचं नव्हतं.