दातातला पाहुणा

चिमणीने पुन्हा तपासलं आणि वैतागून खुर्ची मागे सरकवली. उत्तर तेच. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या बाईच्या दातात आजच्या काळातल्या कुणा पुरुषाचा डीएनए खुशाल ठाण मांडून बसला होता.

तो दात म्हणजे चिमणीच्या गळ्यातला ताईत. त्यात तिला प्लेगच्या जंतूच्या खुणा सापडल्या होत्या आणि तिचा अख्खा प्रबंध त्यांच्यावर उभा होता. ही भेसळ कुणाची हे कळलं नाही, तर नमुना बाद. त्या बाईचा दुसरा दात मिळालेलाच नव्हता, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

खरं तर प्रयोगशाळेची शिस्त अशी की मुंगीसुद्धा विचारून आत शिरेल. अंगभर पांढरा पोशाख, मास्क, हातमोज्यांवर हातमोजे. शिवाय काम करणाऱ्या प्रत्येकाची लाळ आधीच तपासून ठेवलेली, कुणी चुकून शिंकलंच तर चोर पकडता यावा म्हणून. ही सगळी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची करणी. मास्कमधून कुणाचं नाक डोकावलं तरी त्यांची नुसती नजर पुरायची.

चिमणीने सगळ्यांशी ताडून पाहिलं. पूर्ण कुणाशीच जुळेना. अर्धं मात्र एका व्यक्तीशी चोख जुळत होतं, खुद्द मॅडमशी. आणि मॅडमना ना भाऊ, ना मुलगा. उरले वडील.

ती भीत भीत त्यांच्या खोलीत गेली.

“मॅडम, तुमचे बाबा कधी इथे आले होते का?”

मॅडमनी तिच्या हातातला कागद पाहिला. त्यांचे कान लाल झाले.

“ते नाही आले. दातच गेला होता त्यांच्याकडे.”

चिमणी समोरची खुर्ची ओढून बसली.

“आई गेल्यापासून ते धड जेवत नव्हते, बोलत नव्हते. आयुष्यभर दातांचे डॉक्टर गं ते! उत्खननावरून येताना म्हटलं, एक संध्याकाळ दाखवावा. तो हातात घेतला आणि त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं त्यांनी.” मॅडमनी चष्मा पुसला. “चूक माझी आहे. प्रबंधात तसंच लिही.”

रागवावं की हसावं, चिमणीला कळेना. शेवटी तिला हसूच फुटलं.

“त्यांची लाळ मिळाली तर त्यांचा डीएनए त्यातून वजा करता येईल, मॅडम. दात वाचेल!”

दोघी तशाच मॅडमच्या बाबांकडे निघाल्या. मॅडम गाडी लावेपर्यंत चिमणी नळी घेऊन घरात गेली. डॉक्टरांनी शहाण्या मुलासारखी नळी भरून दिली.

“काय झालं होतं गं त्या दातवाल्या बाईला?”

“प्लेग.”

“अरेरे! दात मात्र ठणठणीत होता. पाच मिनिटांत पाहून झाला माझा.”

“मग एवढं काय केलंत त्याला? सगळीकडे तुम्हीच आहात!”

डॉक्टरांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

“परत दिला असता तर ही लगेच कामाला पळाली असती. मी आपला तो मुठीतच ठेवला. मधूनच भिंग लावायचो, फुंकर मारायचो. रात्रीपर्यंत आम्ही तिच्या आईबद्दल बोलत बसलो. तिच्याबद्दल बोलायला मला दुसरं आहे कोण?”

नळीचं झाकण घट्ट लावायला चिमणी वळली, तर मॅडम उंबऱ्यात उभ्या. केव्हाच्या, कुणास ठाऊक.

“नळी तू घेऊन जाशील?” मॅडमनी चपला काढल्या. “मी आज परत येत नाही.”

“का गं? काही काम निघालं?” डॉक्टरांनी साळसूदपणे विचारलं.

“हो. तुमचे दात बघायचेत मला.”

“कवळी आहे ती! त्या वाटीत ठेवलीय. बघ हवी तेवढी.”

“द्या इकडे,” म्हणत मॅडम त्यांच्या शेजारी मांडी ठोकून बसल्या. “सावकाश बघते.”