चौथा पाय

"तुम्ही वहिनींचे मिस्टर ना? आधी ते मशीन बंद करा हो, काही ऐकू येत नाही!"

सुताराने रंध्याचं मशीन बंद केलं. फोनवरचा आवाज ओळखीचा नव्हता. कपाटाचं दार अजून शिकंज्यात अडकलेलं होतं आणि त्याच्या बोटांवर सरस वाळत होता.

"कोण बोलतंय?"

"मी चित्रांच्या क्लासमधला. तिथे मला कंपाउंडर म्हणतात. मघापासून तुम्हाला फोन लावतोय. वहिनींना क्लासमध्ये बरं वाटेनासं झालं, म्हणून आम्ही दवाखान्यात आणलं. तुम्ही या."

"शुद्धीवर आहे का ती?"

तो माणूस हळूच म्हणाला, "तुम्ही या तर खरं. मी दारातच उभा आहे."

सुतार काय ते समजला. हात न पुसता तसाच निघाला.

दवाखान्याच्या दारात एक किडकिडीत माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पांढरे केस, बोटांना पेन्सिलीची काळी पूड लागलेली. त्याच्या एका हातात तिच्या चपला होत्या. सुताराला बघताच त्याने शर्टाच्या खिशातून तिचा चष्मा काढला, रुमालाने दोन्ही काचा पुसल्या आणि मग पुढे केला.

पुढचं सगळं सुताराने जसं करायचं असतं तसं केलं. लोक आले, रडले, गेले. पण ते काचा पुसणं काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. तिचा चष्मा पुसायला हा कोण? इतकी वर्षं संसार केला, त्याने स्वतः तरी कधी पुसला होता?

त्यात शेजारीण समाचाराला आली आणि जाता जाता म्हणाली, "काही म्हणा, त्या कंपाउंडरांनी फार केलं हो. शेवटपर्यंत हात सोडला नाही म्हणे."

ती बिचारी चांगल्या मनाने बोलली होती. पण लाकडाची बारीक काडी नखाखाली शिरावी तसं ते वाक्य आत शिरून बसलं. दिसत नव्हतं, काढता येत नव्हतं आणि कशालाही हात लावला की ठणकत होतं.

लेक परत सासरी निघाली तेव्हा म्हणाली, "बाबा, आईचं स्टूल क्लासमध्येच राहिलंय. घेऊन या आठवणीने. तिचा जीव होता त्याच्यावर."

"आणतो."

"आणि तिथल्या लोकांशी जरा नीट बोला. कंपाउंडरकाका दोनदा येऊन गेले, तुम्ही दुकानात जाऊन बसलात."

"कामं असतात मला," सुतार म्हणाला.

ते स्टूल त्यानेच बनवलेलं होतं. क्लासच्या खुर्च्या उंच, तिचे पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून एका जुन्या पलंगाचं सागवान काढून तिच्या मापाचं बसकं स्टूल केलं होतं. ती दर रविवारी ते काखेत मारून न्यायची आणि परत आणायची. "तुम्हीही चला ना," असं सुरुवातीला म्हणायची. "रेघा मारतोच आहे की दुकानात, त्या काय कमी आहेत?" असं तो म्हणायचा. मग तिने म्हणणं सोडून दिलं.

क्लास वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. रविवारी सकाळी सुतार जिना चढून गेला आणि दारातच थबकला. खोलीच्या मधोमध एका टेबलावर तिचं स्टूल ठेवलेलं होतं आणि भोवती गोल बसून माणसं त्याचं चित्र काढत होती.

"हे स्टूल माझं आहे," तो म्हणाला.

शिकवणारी बाई त्याच्या लेकीच्याच वयाची होती. ती उठून पुढे आली. "माहीत आहे काका. फक्त आजचा दिवस राहू द्या. सगळ्यांचं अर्धं अर्धं झालंय. तुम्ही बसा ना, कागद देऊ का?"

"मला नाही येत."

"कोणालाच नाही येत. म्हणून तर इथे येतात."

कोपऱ्यातून एक ऐसपैस बाई म्हणाली, "बसा हो भाऊजी. चार पाय असले म्हणून काय झालं, स्टूल काही पळून जात नाही!" ती शिलाईकाम करायची. कानामागे पेन्सिल आणि गळ्यात मापाची टेप, क्लासमध्येसुद्धा. "आणि खरं सांगू का, खोडरबर गेल्यापासून इथे बसवतच नाही बघा."

"कोण खोडरबर?"

शिलाईवालीने जीभ चावली. "तुमच्या घरातल्याच हो. आम्ही तसंच म्हणायचो त्यांना. काढायच्या वीतभर आणि खोडायच्या हातभर. आणि वर स्वतःच हसायच्या. एवढ्या हसायच्या, की खालचा वाचनालयवाला जिना चढून ओरडायला यायचा."

सुताराच्या घरात ती तोंडातल्या तोंडात हसायची. खालच्या मजल्यावरून माणूस ओरडायला येईल असं हसू तिच्याजवळ होतं, हे या लोकांना माहीत होतं आणि त्याला नव्हतं. आणि त्या सगळ्यांत तो कंपाउंडर, खिडकीजवळ, मान खाली घालून, सरसर हात चालवत बसलेला.

सुतार बसला. कागद घेतला, खिशातली सुतारकामाची चपटी पेन्सिल काढली आणि उठून टेबलाजवळ जाऊन टेपने स्टुलाचं माप घेऊ लागला.

"काका, टेप नाही," शिकवणारी बाई म्हणाली.

"मग माप कसं कळणार?"

"डोळ्यांनी."

डोळ्यांनी केलेलं काम त्याने आयुष्यात कधी गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं. तरी बसला. स्टुलाची बैठक काढली, खाली चार पाय काढले. चारही सरळ, चारही सारखे. बाई मागे येऊन उभी राहिली.

"मागचा पाय बघा. आखूड दिसतोय ना? आणि टेबलाला टेकतो तो पुढच्या पायापेक्षा वर."

"आखूड कसा असेल? मी कापलेत. चारही एका मापाचे आहेत."

"आहेत सारखेच. दिसतात का सारखे?"

"एक पाय आखूड असलेलं स्टूल दिलं ना, तर गिऱ्हाईक तेच उचलून माझ्या डोक्यात घालेल!"

सगळे हसले. कंपाउंडरही हसला. बाकीच्यांच्या हसण्याचं सुताराला काही वाटलं नाही, पण त्याचं हसू बघून तळपायाची आग मस्तकात गेली.

"असं करा," बाई म्हणाली, "पाय काढूच नका. दोन पायांच्या मधून पलीकडची भिंत दिसते ना? तेवढा भिंतीचा तुकडा काढा. मग शेजारचा तुकडा. स्टूल विसरून जा. मधली मोकळी जागा तेवढी काढा, पाय आपोआप राहतील."

"मोकळ्या जागेचं काय काढायचं? तिथे काही नाहीच."

"आकार आहे ना तिला. वहिनी पण आधी असंच भांडायच्या."

हे मात्र त्याला बरं वाटलं. त्याने भिंतीच्या तुकड्याकडे बघायचा प्रयत्न केला. नजर घसरून पुन्हा पुन्हा पायावर यायची. पायाचा सांधा दिसायचा, सांध्यातली आपल्या हाताची सफाई दिसायची, पण मोकळी जागा काही दिसायची नाही. कंटाळून त्याने मान वर केली, आणि समोरच्या भिंतीवर त्याला त्याची बायको दिसली.

पाठमोरी होती. चित्राच्या फळीवर वाकलेली. तिचा अंबाडा, मानेवर सुटलेली एक बट, उजवा खांदा जरा वर उचललेला. पूर्वी एकदा न्हाणीघरात पडली होती तेव्हापासून ती तो खांदा तसाच उचलून धरायची. कोपर आणि कंबर यांच्या मधल्या फटीतून खिडकीचा गज दिसत होता. चेहरा नव्हता, पण कोणीही सांगावं की ही तीच.

"हे कोणी काढलं?"

"मी," कंपाउंडर म्हणाला. "एकमेकांची चित्रं काढायची होती त्या दिवशी."

"बराच वेळ बघत होतात."

"चित्र काढायचं म्हणजे बघावं लागतं."

"ते दिसतंच आहे," सुतार म्हणाला.

शिलाईवालीने उगाच पेन्सिलीला टोक केलं. सुताराने आपला कागद चुरगाळून खिशात घातला, तास संपल्यावर स्टूल काखेत मारलं आणि चालू लागला.

घरी येऊन त्याने डोळे मिटले आणि तो खांदा आठवून बघितला. उजवा की डावा, इतकं आठवलं. पण किती उचललेला, मान कुठे सुरू होते, अंबाडा किती खाली, काही केल्या जुळेना. आयुष्यभर तो त्याच खांद्याशेजारी झोपला होता. आणि औषधाच्या पुड्या बांधणारा एक माणूस दोन तास बघून तो खांदा कागदावर घेऊन गेला होता. चोरी म्हणावी तर चोरी नव्हती. पण आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी, तसं ते होतं.

पुढच्या रविवारी सुतार स्टूल घेऊन पुन्हा जिना चढला. कोणाचं चित्र अर्धं राहिलं असेल म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला कंपाउंडरवर नजर ठेवायची होती. तो कुठे बसतो, कोणाशी बोलतो, भिंतीवरच्या चित्राकडे बघतो का. आणि एक गोष्ट त्याला हवीच होती. तो हात न सोडता बसला होता, तेव्हा ती काय बोलली? काहीतरी बोललीच असणार. तिला गप्प बसवायचंच नाही. ते बोलणं सुताराचं होतं, आणि ते या माणसाजवळ पडून होतं. पण विचारायचं म्हणजे त्याच्यापुढे हात पसरायचे. ते त्याला जमेना.

असे काही रविवार गेले. सुतार यायचा, स्टूल टेबलावर ठेवायचा, भिंतीचे तुकडे काढायचा. हळूहळू नजर पायावरून सुटायला लागली. शिलाईवाली म्हणाली, "भाऊजी, तुम्हीपण खोडायला लागलात. बरं झालं, खोडरबरची गादी रिकामी होती!" सुताराला हसू आलं. कंपाउंडर हसला नाही. भिंतीवरच्या चित्रावरून बोलणं झालं त्या दिवसापासून तो सुतारासमोर हसतच नसे.

मग एका रविवारी, तास संपल्यावर, कंपाउंडरने त्याला जिन्यात गाठलं.

"थांबा जरा. एक सांगायचं राहिलंय. तुमच्या घरी आलो होतो ते त्यासाठीच."

सुताराने स्टूल खाली ठेवलं.

"टॅक्सीत होतो आम्ही. तुमचा फोन लागत होता, पण तुम्ही उचलत नव्हता. वहिनींचा चष्मा मी काढून घेतला होता, त्यांना नीट दिसत नव्हतं. मी हात धरला होता. त्या म्हणाल्या, आलात का? दुकान नीट बंद केलंत ना?"

सुतार त्याच्याकडे बघत राहिला.

"त्यांना वाटलं, तुम्हीच आलात. मी सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, हो, आलो. दुकान बंद केलंय. कुलूप लावलंय."

"माझ्या वतीने बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मी दुकानात मशीन चालवतोय आणि तुम्ही तिथे मी होऊन बसलात?"

"हो," कंपाउंडर म्हणाला. त्याने मान खाली घातली नाही. "त्यांनी हात घट्ट धरला मग. तो माझा धरलेला नव्हता, हे मला कळत होतं. म्हणूनच सोडवेना."

सुताराला त्याची गचांडी धरावीशी वाटली. आणि त्याच वेळी, आणखी सांग, आणखी सांग, असंही वाटत होतं.

"आणखी काय म्हणाली?"

कंपाउंडर घुटमळला. "माझ्या हातावरून बोटं फिरवली त्यांनी. म्हणाल्या, आज हात धुऊन आलात वाटतं."

सुताराने आपले हात बघितले. क्लासला आला होता तरी बोटांवर सरसाचे पापुद्रे होते, नखांत भुसा होता. जेवायला बसण्याआधी रोज ती याच हातांवरून बोलायची. रोज तो म्हणायचा, जातोय गं, जातोय.

"हसली का तेव्हा?" त्याने विचारलं.

"थोडं."

"मोठ्याने?"

"नाही. तोंडातल्या तोंडात."

सुतार जिन्याच्या पायरीवर बसला. कंपाउंडर म्हणाला, "भिंतीवरचं ते चित्र मी काढून आणतो. तुमच्याकडेच असायला हवं ते."

"नको," सुतार म्हणाला. "तुमचं आहे, तिथेच राहू द्या. मला येईल तेव्हा माझं मी काढीन."

तो उठला, स्टूल काखेत मारलं. दोन पायऱ्या उतरून मागे वळला. "तुमचा राग मला येतो. अजून येतो. ते काही खोटं सांगत नाही."

"माहीत आहे," कंपाउंडर म्हणाला. "पुढच्या रविवारी या."

"येणारच. स्टूल माझं आहे."

घरी आल्यावर त्याने खिडकीजवळ स्टूल ठेवलं. मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून, नखांतला भुसा काडीने काढून, दोनदा धुतले. पुसले. मग कागद घेऊन जमिनीवर बसला.

आधी पुढच्या दोन पायांमधला भिंतीचा तुकडा काढला. मग डावीकडचा. मग खिडकीखालची पट्टी. रेघ चुकली तिथे खोडलं. भिंत भरत गेली तसे बैठक आणि तीन पाय कागदावर पांढरे राहिले. चौथा मागचा. तो दिसतो तसा, आखूड काढायला हवा. तो आखूड नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याने स्वतः कापला आहे.

कागद अजून तिथेच, स्टुलासमोर आहे. चौथा पाय काढायचा राहिला आहे.