काचेच्या खोलीतली पूजा

अमेरिकेने कपड्यावर कर चढवला आणि अंधेरीच्या एमआयडीसीत बऱ्याच शिलाईवाल्यांची वाट लागली. सिद्धेशने मात्र हातपाय गाळले नाहीत. त्याच्या बापाने जन्मभर पोरींचे फ्रॉक परदेशी धाडले होते. लेकाने वरच्या मजल्यावर काचेची खोली बांधली आणि भाजलेल्या जखमांवरच्या मलमपट्ट्या बनवायला घेतल्या. नुसत्या कपड्यावर जगायचे दिवस संपले, असं तो येईल त्याला ऐकवायचा.

पट्टीला मलम लावलेलं असे. पाकिटात भरल्यावर ती तापवली तर मलम वितळणार, म्हणून जंतू मारायची सोय नंतर नव्हती. सगळी भिस्त त्या खोलीवर. हवासुद्धा गाळून आत यायची आणि बाया डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात असायच्या. रत्नप्रभा ही शिलाईखात्याची जुनी सुपरवायझर. आता वरचंही तीच बघायची. खोलीचे नियम तिला तोंडपाठ होते, पण तोंडपाठ असणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. सासऱ्यांची गिरणी बंद पडल्यावर घराचे काय हाल होतात ते तिने भोगलं होतं. ही खोली चालावी म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती.

तशात खंडेनवमी आली. त्या दिवशी प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडू, अक्षता, आणि ताट रत्नप्रभाच्या हातात, हा कारखान्याचा शिरस्ता. सिद्धेश दिल्लीला गेला होता. खालची मशीनं झाली आणि बायांच्या नजरा जिन्याकडे वळल्या.

"मावशी, नव्या मशीनला कुंकू नाय लावणार?" नलिनीने विचारलं. "पहिलीच ऑर्डर ना?"

रत्नप्रभा घुटमळली. मार्सेलिना वरच्या खोलीत कामाला होती, गोराईची ख्रिस्ती. ती तरी अडवेल असं वाटलं, तर ती उलट म्हणाली, "आमच्याकडे फादरने पाणी शिंपडल्याशिवाय नवी होडी खाडीत उतरवत नाय. कर गं तू. देवाचं करून कुणाचं वाईट झालंय?"

मग काय! बायांनी झगे चढवले, टोप्या घातल्या, मास्क लावले आणि पेटलेल्या उदबत्त्या घेऊन आत शिरल्या. आपण सगळे नियम पाळतोय अशीच त्यांची समजूत होती. टेबलावर पाकिटात भरायच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. मशीनला कुंकू लागलं, अक्षता उडाल्या, धूर वर चढला. तेवढ्यात हवा खराब झाली की पेटणारा भिंतीवरचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि भोंगा ओरडायला लागला. रत्नप्रभाने बटण दाबून भोंगा गप्प केला आणि ओल्या फडक्याने मशीन लख्ख पुसलं. उघड्या पट्ट्या फेकून द्याव्यात असं क्षणभर मनात आलं होतं. पण माल कमी भरला असता. दसऱ्यानंतर त्याच पट्ट्या पाकिटात गेल्या आणि सहारहून विमानाने केनियाला रवाना झाल्या.

प्रत्येक मालातली थोडी पाकिटं नमुना म्हणून कपाटात ठेवायची पद्धत होती. दिवाळीच्या साफसफाईला रत्नप्रभाने ते कपाट उघडलं. पाकिटाच्या पारदर्शक बाजूतून पांढऱ्या पट्टीवर एक करडा ठिपका दिसला. दुसऱ्या पाकिटातही होता. तिसऱ्यातल्या ठिपक्याला बुरशीचे बारीक केस फुटले होते.

सांगितलं तर खोली बंद होणार, आणि खालचं खातं तर केव्हाच अर्धं रिकामं झालं होतं. पण ही पट्टी जिथे बसते तिथे माणसाला कातडीच उरलेली नसते. ते पाकीट मुठीत धरून ती केबिनमध्ये गेली.

"ये मावशी, ये! झकास बातमी आहे," सिद्धेश म्हणाला. "दुसरी ऑर्डर आली, चौपट! हे बघ, हॉस्पिटलने फोटो पाठवलाय."

फोनवर खाटेवर बसलेली एक चिमुरडी होती. बोटांपासून खांद्यापर्यंत पट्टीच पट्टी, आणि तरी पोर हसत होती.

रत्नप्रभाने पाकीट टेबलावर ठेवलं. पूजेचं, भोंग्याचं, सगळं एका दमात सांगून टाकलं. "त्यांना फोन लाव, सिद्धेश. आत्ताच्या आत्ता. त्या पोरीची पट्टी काढा म्हणावं."

सिद्धेशने पाकीट उजेडात धरलं. मग उठला आणि त्याने केबिनचं दार लावून घेतलं.

"हे अजून कोणी बघितलंय?"

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला कळलं की खोटं बोलायला हवं होतं.

सिद्धेशने पाकीट खणात टाकलं आणि किल्ली फिरवली. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "कपाटातली बाकीची पण घेऊन ये, मावशी. आणि खाली बायांना सांग, दुसरी ऑर्डर आली."

रत्नप्रभाला स्वतःची किळस आली, कारण तिचे पाय कपाटाकडे निघाले होते.