हिरवी खूण

निलोफरने कुशाबाईंचा फोन हातात घेतला आणि नोंदींची यादी बोटाने वर सरकवली. सायली, आठवा महिना, बीपी एकशे सत्तर, पाय सुजलेले. पुढे हिरवी खूण. तारीख सोळा दिवसांपूर्वीची.

केडगावच्या ऑफिसात, तिथल्या डॉक्टरांकडे ही नोंद पोचलीच नव्हती. सायलीचं बाळ गेलं, आणि आरोग्य संस्थेने सगळं खापर राहू गावात घरोघरी जाऊन गरोदर बायांना तपासणाऱ्या कुशाबाईंवर फोडलं. म्हणे, बाई घरी गेल्याच नाहीत, वर खोटं बोलतात! उद्या त्यांना कामावरून काढायचं ठरलं होतं. फोन तपासायला निलोफर आली, कारण अ‍ॅप तिनंच बनवलेलं.

"मी भरलं व्हतं वो, मॅडम. आईशप्पत."

ती हिरवी खूण कशी उमटली, ते निलोफरला कळलं. अ‍ॅप कोणतं साधन वापरून बांधायचं यावरून तिचं आणि सोबत काम करणाऱ्या सत्यजीतचं दोन दिवस वाजलं होतं. उसाच्या रानात रेंज नाही, तेव्हा नोंद आधी फोनमध्येच राहणार, हे दोघांनाही मान्य. सत्यजीतने सुचवलेलं साधन किचकट, पण 'अजून पोचली नाही' असं बजावणारं. निलोफरने सवयीचं निवडलं. तीन आठवड्यांत काम फत्ते. त्यात नोंद फोनमध्ये उतरली की लगेच हिरवं. पुढे ती ऑफिसात जायची, पण रेंजमध्ये अ‍ॅप उघडं असेल तरच. आणि कुशाबाई तर बॅटरी वाचवायला भरून झालं की फोनच बंद करत. "कशाला बायाबापड्यांना घाबरवायचं?" असं तेव्हा निलोफरच म्हणाली होती. नडला तो हा शहाणपणा.

सत्यजीतचा फोन आला.

"काय निघालं? भरलंच नव्हतं ना त्यांनी?"

"भरलं होतं. चूक माझी आहे. उद्या मीच सांगते सगळ्यांना."

फोन ठेवून ती कुशाबाईंजवळ बसली.

"मावशी, तुमचं काही चुकलं नाही. हिरवं म्हणजे नुसतं तुमच्या फोनात उतरलं. डॉक्टरांकडे गेलंच नव्हतं."

आता तरी यांना हायसं वाटेल, असं तिला वाटलं. कुशाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"गेलंच नव्हतं?"

"नाही."

"त्या दिशी डाक्टरास्नी फोन लावाया मी पार सडकंला गेले व्हते. रेंज बी आली. मग म्हणलं, हिरवं झालंय की, कशाला दोनदा तरास द्यायचा. आन् फिरले माघारी."

निलोफरने त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"उद्या काय बी सांगू नका, मॅडम," कुशाबाई म्हणाल्या. "काढू द्या मला."