अठ्ठावीसचं शिखर

भगवंतराव सरांचा सत्कार आदिलाबादच्या कॉलेजात ठरला, तेव्हा पंचफुलाने बाजारहत्नूरहून बापाला मुद्दाम बोलावून घेतलं. बाप भिवाजी एके काळी दुसऱ्यांच्या शेतात राबलेला, पुढे शाळेत मास्तर झालेला. त्याला वाटलं, सरांच्या मानात लेकीचंही कौतुक होईल. तिने खरं काय ते सांगितलं नाही. महिनाभर तिच्या पोटात आग होती आणि ती विझू नये याची काळजी ती स्वतःच घेत होती.

झालं होतं असं. पंचफुला हैदराबादला सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. हवा उपसून काढलेल्या स्टीलच्या पात्रात कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा कडक प्रकाश टाकायचा, हे तिचं काम. असा प्रकाश लागला की रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो. प्रकाशाचा जोर बेताचा असेल तर रेणू तग धरतो, फार असेल तर फुटतो. अख्ख्या रेणूचं वजन चव्वेचाळीस, फुटून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडचं अठ्ठावीस. एका दुपारी प्रकाश बेताचाच असताना वजनांच्या आलेखावर अठ्ठावीसपाशी शिखर उभं राहिलं. फुटायला नको तिथे रेणू फुटला होता! ती धावत सरांकडे गेली. सरांनी "शाब्बास" म्हटलं आणि आलेख खणात टाकला. यंत्राजवळ सर कधी फिरकत नसत. त्यासाठी चहाचा कप खाली ठेवावा लागला असता.

या कामाची एक रीत असते. आधी रिकामं पात्र मोजायचं, मगच त्यात वायू सोडायचा. पंचफुलाने उतावळेपणी ते राहू दिलं होतं. नंतर मोजलं तर रिकाम्या पात्रातही अठ्ठावीस ठाण मांडून बसलेलं! एका झडपेतून बाहेरची हवा आत झिरपत होती, आणि हवेतल्या नायट्रोजनचं वजनही अठ्ठावीसच. फुटलं काहीच नव्हतं.

चूक कबूल करायला ती सरांच्या खोलीत गेली. टेबलावर सत्काराची छापील पत्रिका पडली होती. याच शोधावर व्याख्यान, आणि नाव एकट्या सरांचं.

"सर, माझं नाव?"

सर हसले. "कोट्यातून जागा मिळाली. आता शोधातही कोटा पाहिजे का तुला?"

झडपेची गोष्ट तिच्या ओठांवर होती. ती तिने गिळली, "नाही सर" म्हणाली आणि बाहेर आली.

सत्काराला नार्नूरहून सरांचे भाऊबंद हार घेऊन आले होते. पहिल्या रांगेत याच विषयातले प्रबंध तपासणारे बंगळूरचे एक वयस्कर परीक्षक बसले होते. पंचफुलाच्या प्रबंधावर सरांची सही अजून व्हायची होती. आज तोंड उघडलं की सही गेली, सगळी वर्षं पाण्यात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पडद्यावर तिचा आलेख झळकला, टाळ्या पडल्या, आणि ती उभी राहिली.

"सर, रिकाम्या पात्राचं मोजमाप दाखवता का?"

"त्याची काही गरज नाही. बस खाली."

"गरज कशी नाही?" परीक्षक म्हणाले. "अठ्ठावीस नायट्रोजनचंही असतं. दाखवा."

सर स्लाइड्स मागेपुढे करू लागले. नसलेली वस्तू सापडणार कुठून?

"आणि ते बत्तीसपाशी बारकं टेंगूळ," पंचफुला गोड आवाजात म्हणाली, "तो ऑक्सिजन ना सर?"

परीक्षक खुर्चीतून पुढे झुकले. "अहो, ही तर हवा आहे!"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "हे काम माझं नाहीच! सगळं हिने केलंय. मी यंत्राला हातसुद्धा लावलेला नाही!"

"खरं आहे," पंचफुला म्हणाली. "सगळं मीच केलंय. चूकसुद्धा माझीच."

"मग पत्रिकेवर तुमचं एकट्याचं नाव कसं?" परीक्षकांनी सरांना विचारलं. भाऊबंद हातातल्या हारांकडे बघत बसले. पंचफुलाला दया वगैरे काही आली नाही. तिला आनंद झाला, पोट भरून जेवल्यासारखा.

सभेतलं बोलणं सगळं इंग्रजीत झालं होतं; भिवाजीला त्यातलं जेवढं कळलं तेवढं पुरेसं होतं. फाटकाबाहेर येताच त्याने लेकीला विचारलं.

"आता सही देईन का तो मानूस?"

"नाही देनार, बाबा."

"मंग काऊन केलं वं पोरी? आपलं नाक कापून दुसऱ्याले अपशकुन करतेत काय?"

"नाक त्यायनं कवाच कापलं होतं, बाबा," पंचफुला म्हणाली. "अपशकुन तेवढा बाकी होता."