कमरेत टोमॅटो घेऊन बसलेली पँट

मी एक पँट आहे आणि सध्या माझ्या कमरेत टोमॅटो लागलेत. हसा, खुशाल हसा. एकदा समोरच्या इमारतीत आलेला दूधवाला मला बघून "काय काका, बरंय ना?" असं विचारून गेला होता. खुर्चीत बसलेली, पाय खाली सोडलेले, आणि कमरेच्या वर माणसाऐवजी हिरवं झुडूप. त्या बिचाऱ्याची तरी काय चूक?

पण मी काही जन्माने कुंडी नव्हे. जाड सुती खाकी कापडाची, दोन खिसे पुढे, एक मागे, अशी चांगली घरंदाज पँट होते मी. मला कापलं आणि शिवलं ते टेलर मास्तरांनी. तेव्हा त्यांचं कोपऱ्यावर दुकान होतं. कापड फाटेल पण मास्तरांचा टाका सुटायचा नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि मास्तर ते मान खाली घालून ऐकायचे, म्हणजे हसू दिसू नये.

त्यांनी मला शिवलं आपल्या मेहुण्यासाठी. हा मेहुणा बस चालवायचा. दिवसभर त्याच्याबरोबर बसून बसून माझी बैठक गुळगुळीत झाली, पण शिवण जागची हलली नाही. मेहुण्याचं पोट मात्र वाढत्या अंगाचं. दरवेळी तो यायचा, मास्तर मला कमरेत थोडी सैल करायचे, की पुढच्या वेळी पुन्हा हजर. शेवटी आतमध्ये सोडायला कापडच उरलं नाही.

"दाजी, बघा ना काहीतरी," मेहुणा श्वास आत ओढून म्हणाला.

"आता पँट नको, तंबूच शिवू," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून मी दुकानातल्या खिळ्यावर. पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले, दुकानात माशा मारायची वेळ आली, आणि एक दिवस मास्तरांनी फळी कायमची लावली. शिलाई मशीन घरी आलं, त्याच्या खणात कोंबलेली मीही आले. मशीन गॅलरीत ठेवलं, खिडकीशेजारी, जिथे सकाळचं ऊन पडतं. मास्तर रोज त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. शिवायचे मात्र काही नाहीत. मशीनवर चादर, मास्तरांच्या तोंडासमोर पेपर, आणि पेपरचं पान तासन् तास उलटायचं नाही.

आता काकूंबद्दल सांगते. काकू म्हणजे मास्तरांच्या बायको, पण सगळी इमारत त्यांना काकूच म्हणते. दुकान बंद झाल्यावर मास्तर बसले आणि काकू उठल्या, असं म्हणा हवं तर. भाजी महाग झालीय अशी कुरकुर सगळेच करतात. काकूंनी कुरकुर केली आणि दुसऱ्या दिवशी फुटकी बादली धुऊन गॅलरीत मांडली. मग तेलाचे डबे आले, तोटी गेलेली किटली आली. विकत काही आणायचं नाही, असा त्यांचा बाणा. पिलपिलीत झालेल्या टोमॅटोच्या बिया कागदावर वाळवल्या, धणे चपलेखाली रगडून पेरले, कांद्याची बुडं फेकून न देता मातीत खोचली. पलीकडे कुणी घराचा पाया खणत होतं, तिथून माती मागून आणली. भाज्यांची सालं, वाळका पाला आणि चहाचा चोथा झाकणाच्या डब्यात घालून कुजवला, की झालं खत. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत जायचं नाही, बादलीत जायचं.

सगळं छान होतं, फक्त ऊन नव्हतं. समोरच्या इमारतीने गॅलरीची बहुतेक जागा सावलीत टाकलेली. ऊन पडायचं ते नेमकं मशीन होतं तिथे, आणि वर अरुंद कठड्यावर, जिथे बादली ठरायची नाही. काकूंचे टोमॅटो सावलीत उंच उंच आणि लेचेपेचे वाढायचे, फूल काही धरायचे नाहीत.

"अहो, मशीन जरा आत घेऊ या का?" काकूंनी एकदा विचारलं.

"मशीन हलणार नाही," पेपरामागून उत्तर आलं.

"काही शिवत तर नाही तुम्ही. चादरीला कशाला हवंय ऊन?"

पेपर खाली आला. मास्तरांच्या वर्मी लागलं होतं. त्यांनी काकूंच्या फुटक्या बादलीकडे बघितलं, मग मशीनकडे, आणि फटकन म्हणाले, "तुझ्या त्या मोडक्यातोडक्या डबड्यांपेक्षा चांगली कुंडी मी या मशीनवर शिवून दाखवतो."

"कुंडी? शिवून?"

"हो, शिवून. त्यात झाड लावायचं आणि त्याला टोमॅटो धरला तर मशीन इथेच राहील. नाही धरला तर मीच स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला देईन. मग लाव तुझी बाग."

काकू म्हणाल्या, "बघा हं." झालं, पैज लागली. आणि मास्तरांनी खण उघडून मला बाहेर काढलं.

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. किती दिवसांनी मास्तरांचा हात लागला. त्यांनी माझ्या आत जुन्या रेनकोटाचं अस्तर घातलं. माझे दोन्ही पाय खालून शिवून बंद केले, एकदा नाही, दुहेरी, आणि दोऱ्याला मेण लावून. मशीनचा आवाज ऐकून काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मास्तर मान वर न करता म्हणाले, "थेंब गळायचा नाही बघ यातून."

तर अशी मी कुंडी झाले. पायांत पाला आणि खत, वर माती, कमरेत टोमॅटोचं रोप, पुढच्या खिशांत पुदिना. मास्तरांनी स्वतःची खुर्ची मला दिली, मशीनशेजारी, उन्हात. स्वतः स्टुलावर बसले. माझी तर मान ताठ झाली, म्हणजे असती तर झाली असती.

सुरुवातीला रोप भराभर वाढलं. मास्तर मोजपट्टी लावून बघायचे आणि काकूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचे, "उंची वाढतेय." मग एक दिवस खालचं पान पिवळं पडलं. मागोमाग दुसरं. रोपाने मान टाकली. मास्तर घाबरले आणि त्यांनी आणखी पाणी घातलं. रोप आणखी मलूल झालं, तसं त्यांनी आणखी पाणी घातलं.

मी काय सांगत होते ते ऐकणार कोण? माझ्या पायांत गुडघ्यापर्यंत पाणी साचलं होतं. थेंब गळायचा नाही म्हणाले होते ना, तसा खरोखर एक थेंब गळत नव्हता. मुळं आत कुजायला लागली होती आणि मला तर त्या वासाने नकोसं झालं होतं. मास्तरांच्या हातची शिवण पहिल्यांदाच मला नको वाटली.

काकूंना कळलं होतं. मास्तर आंघोळीला गेले तेव्हा त्यांनी माझ्या मातीत बोट घातलं, बाहेर काढलं, हुंगलं, आणि पदराला पुसून गप्प आत निघून गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. एका शब्दाने काम झालं असतं. पण त्या शब्दाने त्यांची जागा गेली असती, हेही खरंच होतं. त्यांच्याही टोमॅटोंना ऊन हवंच होतं की.

मग एका सकाळी खाली गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली. मास्तरांनी माझ्या सुकत चाललेल्या रोपाकडे बघितलं. मशीनवरची चादर काढली, घडी घातली. तेलाची कुपी आणली आणि मशीनच्या एकेका भोकात थेंब थेंब तेल सोडलं. चाक पुसलं. सुईखालची पट्टी उघडून ब्रशने कापसाची लव साफ केली. भंगारात द्यायच्या वस्तूला कुणी असं तेल घालतं का हो?

काकू मागे उभ्या होत्या. हातात निवडायची भाजी तशीच.

"अहो," त्या म्हणाल्या, "पँटच्या पायांना खालून भोकं पाडा."

"भोकं?"

"पाणी तुंबलंय आत. मुळांना श्वास घेता येत नाहीये."

"गळकी शिवण माझ्या हातून जायची नाही," मास्तर म्हणाले. अजूनही ताठा बघा.

"माझी बादली फुटकी आहे म्हणूनच तर त्यात झाड जगतं. झाडाला गळकंच लागतं, काय करणार." त्यांनी भाजी खाली ठेवली आणि मशीनच्या खणातली कात्री काढून त्यांच्यापुढे धरली. "उसवा."

मास्तरांनी कात्री घेतली. खाली वाकले, माझा पाय हातात धरला आणि त्या टाक्यांवरून एकदा अंगठा फिरवला. मग एक टाका कापला, मग दुसरा. आतलं सगळं काळं पाणी भसकन त्यांच्या पायांवर आलं आणि तिथून कठड्याखाली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी नुकत्याच वाळत घातलेल्या चादरींना त्याचा प्रसाद मिळाला. त्यांनी जे शब्द वापरले ते मी सभ्य घरातली पँट असल्यामुळे सांगत नाही. मला मात्र इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

गल्लीतली आरोळी लांब निघून गेली. मास्तर ओल्या पायांनी स्टुलावर बसले.

"तुला हे आधीपासून माहीत होतं?"

"होतं."

"मग गप्प राहायचं होतंस. जिंकली असतीस."

"जिंकून काय करू?" काकू म्हणाल्या. "मशीनच्या जागी टोमॅटो आले असते आणि तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसला असता. ते टोमॅटो माझ्या घशाखाली उतरले असते का?"

त्या दिवशी मास्तरांनी पेपर उघडला नाही. काकूंच्या बादल्यांकडे आणि उन्हातल्या रिकाम्या कठड्याकडे आळीपाळीने बघत राहिले, बघता बघता त्यांनी कठड्याला मोजपट्टी लावली.

रोप सावरलं. थोडं रुसून बसलं, मग नवं पान, मग पिवळं फूल, आणि एक दिवस फुलाच्या जागी बोराएवढा हिरवा टोमॅटो. मास्तर पैज जिंकले. आता ते नाचतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मेहुण्याला निरोप धाडून त्याच्या उरलेल्या सगळ्या जुन्या पँटी मागवून घेतल्या. बादली कठड्यावर टांगता येत नाही, पँट येते. एक पाय आत, एक बाहेर, अशा त्या आता गॅलरीच्या कठड्यावर उन्हात स्वार होऊन बसल्यात. काकूंचे टोमॅटो त्यांच्यात आहेत, आणि मशीन आहे तिथेच आहे. इमारतीतल्या बायकाही आपापल्या नवऱ्यांच्या पँटी घेऊन येतात. काही नवरे म्हणे अजून त्या शोधत असतात.

माझं म्हणाल तर माझं वय झालं. ऊन आणि ओल, दोन्ही अंगावर घेतली. डावा गुडघा विरलाय, तिथून एक मूळ बाहेर डोकावतं. परवा मास्तर ठिगळ घेऊन आले होते. मास्तर, नको. आणखी थोडे टोमॅटो पिकले की मला खुशाल काकूंच्या खताच्या डब्यात टाका. रेनकोट आणि बटणं तेवढी काढून घ्या, ती काही कुजायची नाहीत. मी सुती आहे, मातीत मिसळून जाईन, आणि तुमच्याच गॅलरीत कुठल्यातरी नव्या पँटमध्ये पुन्हा येईन. एकच विनंती आहे, ती पँट मेहुण्याची नको. फार बसलेय मी त्या माणसाबरोबर.

आता मशीन सुरू आहे. मास्तर वाकून एका पँटीचा पाय शिवतायत. तळाशी आले की थांबतात, पाय उचलून काकूंना दाखवतात आणि विचारतात, "एवढं गळकं पुरे का गं?"

काकू मातीतून हात न काढता बघतात आणि सांगतात, "अजून एक टाका सोडा."